पासवर्ड बरोबर आहे, तरी लिनक्स पुन्हा पुन्हा का विचारतं?

फोन त्याच वायफायला लगेच जोडला जातो. टीव्ही जोडला जातो. शेजारच्या खोलीतला विंडोजचा लॅपटॉपही जोडला जातो. लिनक्सवर मात्र यादीत घराच्या वायफायचं नाव दिसतं, पासवर्ड टाकला की कोपऱ्यातलं चिन्ह थोडा वेळ फिरत राहतं आणि पुन्हा तीच चौकट उघडते. मग तोच पासवर्ड सावकाश, एकेक अक्षर बघून टाकला जातो. पुन्हा चौकट. राऊटर बंद-चालू होतो, नेटवाल्याला फोन जातो, आणि तो सांगतो की आमच्याकडून लाइन चालू आहे. तो खरंच सांगत असतो.

ही चौकट आली म्हणजे पासवर्ड चुकला, असं आपण धरून चालतो. सगळा वेळ तिथेच जातो. उबुंटू, मिंट, फेडोरा, डेबियन यांच्या डेस्कटॉपवर वायफायचा कारभार नेटवर्कमॅनेजर बघतो. राऊटरशी प्रत्यक्ष बोलणी तो करत नाही, ते काम डब्ल्यूपीए-सप्लिकंट नावाची दुसरी सेवा करते. तिला ठरलेल्या वेळात, साधारण २५ सेकंदांत, जोडणी जमली नाही की नेटवर्कमॅनेजर नवा पासवर्ड मागायला लागतो. वायफाय कार्ड चालवणारा ड्रायव्हर अडखळला असेल, राऊटरला सुरक्षेची पद्धत पटली नसेल, सिग्नल मधेच गेला असेल, तरी समोर येते ती हीच चौकट. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं एवढंच आहे: दोनदा नीट टाकून झाला असेल तर तिसऱ्यांदा पासवर्ड टाकू नका. जोडणी कुठल्या टप्प्यावर तुटते ते आधी बघा. टप्पा कळला की उपाय बहुतेक वेळा एका ओळीचा असतो.

खालच्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत टाकायच्या, अंकही रोमनच. नेटवर्कमॅनेजर हे सेवेचं नाव टाकताना त्यातले एन आणि एम मोठे, बाकी सगळं लहान अक्षरांत.

लॉग उघडा आणि चालू ठेवा

लॉग म्हणजे संगणक आपल्या कामाची ठेवत असलेली नोंद. ती बघायला टर्मिनल उघडून ही आज्ञा द्या:

सुडो जर्नलसीटीएल -बी -एफ -यू नेटवर्कमॅनेजर -यू डब्ल्यूपीए_सप्लिकंट

खिडकी तशीच ठेवा आणि नेहमीसारखं वायफायला जोडून बघा. ओळी धावत जातील. त्यातल्या 'सप्लिकंट इंटरफेस स्टेट' असं लिहिलेल्या ओळी तेवढ्या शोधायच्या. सगळं सुरळीत असेल तेव्हा क्रम असा दिसतो: स्कॅनिंग, ऑथेंटिकेटिंग, असोसिएटिंग, असोसिएटेड, फोर-वे हँडशेक, कम्प्लिटेड. त्यानंतर नेटवर्कमॅनेजर आयपी-कॉन्फिग या टप्प्यावर जातो आणि राऊटरकडून पत्ता मागतो.

स्कॅनिंगवरच अडकलं आणि शेवटी 'एसएसआयडी-नॉट-फाउंड' आलं, तर संगणकाला ते नेटवर्क ऐकूच येत नाहीये. ऑथेंटिकेटिंग किंवा असोसिएटिंगवरून एकदम डिसकनेक्टेड झालं, तर राऊटर आणि तुमचं कार्ड यांचं सुरक्षेच्या पद्धतीवर एकमत होत नाहीये, किंवा ड्रायव्हरचा घोळ आहे. फोर-वे हँडशेकपर्यंत जाऊन तुटलं, तर मात्र पासवर्डवर संशय घ्यायला जागा आहे. तेव्हा लॉगमध्ये 'प्री-शेअर्ड की मे बी इनकरेक्ट' अशी ओळ येते, किंवा कारण क्रमांक १५ दिसतो. हा क्रमांक म्हणजे हँडशेक वेळेत पुरा झाला नाही. आणि कम्प्लिटेड येऊनही इंटरनेट नसेल, तर पासवर्डचा प्रश्न कधीच सुटलेला आहे. पत्ता मिळण्यात किंवा त्यापुढे काहीतरी बिघडलं आहे.

यात एक अपवाद आहे. डब्ल्यूपीए३, म्हणजे वायफायच्या सुरक्षेची डब्ल्यूपीए२ नंतरची नवी पद्धत, त्यात पासवर्डची परीक्षा हँडशेकच्या आधी, ऑथेंटिकेटिंगच्या टप्प्यातच होते. त्यामुळे नेटवर्क निव्वळ डब्ल्यूपीए३ असेल तर चुकीचा पासवर्डही त्या पहिल्या टप्प्यावरच पडतो. यादीतल्या नेटवर्कची पद्धत बघायला 'एनएमसीएलआय डिव्हाइस वायफाय लिस्ट' ही आज्ञा पुरते. शेवटच्या रकान्यात डब्ल्यूपीए२, डब्ल्यूपीए३ किंवा दोन्ही लिहिलेलं दिसतं.

हँडशेकवर तुटतंय

हँडशेकमध्ये काय होतं ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचे दोन-तीन उपाय त्यावरच उभे आहेत. तुम्ही टाकलेला पासवर्ड हवेतून कधीच जात नाही. संगणक पासवर्ड आणि नेटवर्कचं नाव एकत्र घेऊन त्यावर ४०९६ वेळा गणित करतो आणि २५६ बिटांची किल्ली बनवतो. राऊटरनेही तीच किल्ली बनवलेली असते. मग दोघं एकेक यादृच्छिक संख्या एकमेकांना देतात आणि चार निरोपांत खात्री करून घेतात की दोघांकडची किल्ली एकच आहे.

किल्लीत नेटवर्कचं नावही मिसळलेलं असतं, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. राऊटर बदलला, पासवर्ड तोच ठेवला, पण नावातलं एक अक्षर लहानाचं मोठं झालं, तर ते नेटवर्क संगणकाच्या दृष्टीने वेगळं आणि किल्लीही वेगळी. कुणी 'डब्ल्यूपीए_पासफ्रेज' ही आज्ञा वापरून ६४ अंकाक्षरांची तयार किल्ली फाइलमध्ये ठेवली असेल, तर नाव बदलल्यावर ती किल्ली निरुपयोगी होते, पासवर्ड तोच असला तरी. जुनी नोंद पुसून नवी करणं हाच उपाय:

एनएमसीएलआय कनेक्शन डिलीट 'नेटवर्कचं नाव'
एनएमसीएलआय --आस्क डिव्हाइस वायफाय कनेक्ट 'नेटवर्कचं नाव'

'--आस्क' मुद्दाम दिलं आहे. पासवर्ड आज्ञेतच लिहिला की तो टर्मिनलच्या इतिहासात राहतो, शिवाय त्यात डॉलर किंवा उद्गारचिन्ह असेल आणि दुहेरी अवतरणात लिहिला असेल, तर टर्मिनलमधल्या आज्ञा वाचणारा बॅश त्याचा स्वतःचा अर्थ लावून भलतंच काही पुढे पाठवतो. पासवर्ड बरोबर लिहूनही चुकीचा ठरण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे. आज्ञेत लिहायचाच असेल तर एकेरी अवतरणात लिहा.

आपल्याकडच्या संगणकांवर आणखी एक कारण हमखास सापडतं: कीबोर्ड मराठीत असतो. इनस्क्रिप्टची मांडणी चालू असताना पासवर्डच्या चौकटीत टाईप केलं की आत देवनागरी अक्षरं आणि देवनागरी अंक जातात. बाहेर नुसते ठिपके दिसतात, त्यामुळे शंकाही येत नाही. वायफायच्या पासवर्डमध्ये रोमन अक्षरं, अंक आणि कीबोर्डवरची नेहमीची चिन्हंच चालतात, लांबी ८ ते ६३. चौकट मात्र लांबी भरली की जोडण्याचं बटण चालू करते, लिपी तपासत नाही. म्हणून डोळ्याचं चिन्ह दाबून पासवर्ड एकदा उघडा बघाच. राऊटरखालच्या चिकटपट्टीवरचा पासवर्ड असेल तर शून्य आणि ओ, एक आणि लहान एल, यांची अदलाबदल तेव्हाच लक्षात येते.

नेटवर्कचं नाव देवनागरीत ठेवायची हौस अनेकांना असते आणि मला ती आवडते. त्याला एक मर्यादा आहे ती माहीत असू द्या. नावाला ३२ बाइट मिळतात आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. 'गणेश' १२ बाइटांत बसतं. 'सिद्धिविनायक' लिहायला १२ चिन्हं लागतात, म्हणजे ३६ बाइट, आणि ते बसत नाही. राऊटरने तिथेच अडवलं तर बरं. त्याने मधेच कापून ठेवलं, तर शेवटचं अक्षर अर्धवट राहतं आणि हाताने टाईप केलेलं नाव त्याच्याशी कधीच जुळत नाही. डोळ्याला सारखे दिसणारे शब्दही आतून वेगळ्या क्रमाने लिहिलेले असू शकतात, उदाहरणार्थ 'ऱ्य' असलेले. अशी नावं टाईप करू नका, यादीतून निवडा.

असोसिएटिंगवरच तुटतंय: नवा राऊटर, जुना लॅपटॉप

सध्या सगळ्यात जास्त वेळा हेच घडतं. घरात नवी फायबर जोडणी येते, सोबत नवा राऊटर येतो, आणि त्यावर डब्ल्यूपीए२ व डब्ल्यूपीए३ यांची मिश्र पद्धत चालू असते. डब्ल्यूपीए३ २०१८ साली आलं आणि जुलै २०२० पासून वायफाय अलायन्सच्या नव्या प्रमाणपत्रासाठी सक्तीचं झालं. मिश्र पद्धतीचा हेतू चांगला आहे: नव्या यंत्रांनी नवी वाट घ्यावी, जुन्यांनी जुनी. पण काही ड्रायव्हर नव्या वाटेवर पाऊल टाकतात आणि तिथेच पडतात.

कार्ड कुठलं आहे ते आधी बघा:

एलएसपीसीआय -एनएनके

त्यात 'नेटवर्क कंट्रोलर' ही ओळ आणि तिच्याखालचं 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' बघायचं. चौकोनी कंसातला क्रमांक १४ई४ ने सुरू झाला तर चिप ब्रॉडकॉमची, १०ईसी ने झाला तर रिअलटेकची, ८०८६ ने झाला तर इंटेलची. यूएसबी डोंगल असेल तर 'एलएसयूएसबी' वापरा.

ब्रॉडकॉमच्या जुन्या चिप, विशेषतः जुन्या मॅकबुकमधल्या आणि २०१० च्या आसपासच्या स्वस्त लॅपटॉपमधल्या, 'डब्ल्यूएल' नावाच्या बंद ड्रायव्हरवर चालतात. तो डब्ल्यूपीए३ ओळखत नाही. तुमचं कार्ड काय ओळखतं ते 'आयडब्ल्यू लिस्ट' सांगतं. त्या लांबलचक उत्तरात एसएई हा शब्द शोधा. तो डब्ल्यूपीए३ च्या पासवर्डपद्धतीचा असतो. सायफर्सच्या यादीत सीमॅक आहे का तेही बघा. सीमॅक नसेल तर व्यवस्थापनाच्या संदेशांचं संरक्षण, ज्याला पीएमएफ म्हणतात, ते या कार्डाला जमत नाही. डब्ल्यूपीए३ मध्ये पीएमएफ सक्तीचं असतं.

अशा कार्डाला सांगून टाका की जुन्याच वाटेने जायचं आहे:

एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय 'नेटवर्कचं नाव' वायफाय-सेक.की-एमजीएमटी डब्ल्यूपीए-पीएसके वायफाय-सेक.पीएमएफ १
एनएमसीएलआय कनेक्शन अप 'नेटवर्कचं नाव'

इथे १ म्हणजे पीएमएफ बंद, २ म्हणजे जमलं तर, ३ म्हणजे हवंच. अनेक जुन्या लॅपटॉपचं दुखणं या एका ओळीने थांबतं. थांबलं नाही, तर राऊटरने पीएमएफ सगळ्यांनाच सक्तीचं केलेलं असू शकतं. राऊटरच्या पानावर जाऊन ते ऐच्छिक करा. ते जमत नसेल किंवा बाकीच्या यंत्रांची सुरक्षा उतरवायची नसेल, तर पाहुण्यांसाठीचं वेगळं नेटवर्क उघडून त्यावर फक्त डब्ल्यूपीए२ आणि एईएस हे कूटलेखन ठेवा आणि जुना लॅपटॉप तिथे जोडा. मला हा मार्ग सगळ्यात बरा वाटतो, कारण एका जुन्या यंत्रासाठी घरातल्या सगळ्यांची सुरक्षा कमी करावी लागत नाही.

वैतागून नेटवर्क उघडं ठेवायचं किंवा डब्ल्यूईपी ही फार जुनी पद्धत निवडायची, हे मात्र करू नका. डब्ल्यूईपीची किल्ली बनवण्याची पद्धत कच्ची आहे हे फ्लुरर, मॅन्टिन आणि शमीर यांनी २००१ साली दाखवून दिलं, आणि आज ती साध्या लॅपटॉपवर काही मिनिटांत फुटते. एईएसच्या आधीचं टीकेआयपी हे कूटलेखनही नको. ते सुरक्षेला कमी पडतंच, शिवाय त्यावर ८०२.११एन या वायफायच्या मानकाचे जास्तीचे वेग मिळत नाहीत, जोडणी ५४ मेगाबिटांवर अडते. 'नेट इतकं हळू का' या तक्रारीचं मूळ कधीकधी इथे असतं.

रिअलटेकच्या बाबतीत कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं, वय महत्त्वाचं ठरतं. आरटीडब्ल्यू८८ हा ड्रायव्हर २०१९ च्या ५.२ कर्नलपासून आत आला, आरटीडब्ल्यू८९ हा २०२२ च्या सुरुवातीला आलेल्या ५.१६ पासून. त्याआधी लोक इकडून तिकडून ड्रायव्हर उतरवून घेऊन हाताने बांधायचे, आणि तशा सूचना अजूनही शोधल्या की सर्वात वर येतात. नवा कर्नल असेल तर त्यांच्या वाटेला जाऊ नका. आतला ड्रायव्हर आणि बाहेरून बांधलेला ड्रायव्हर एकाच चिपवर हक्क सांगायला लागले की जोडणी कधी लागते, कधी नाही, आणि कारण शोधता शोधता दिवस जातो.

अपडेटनंतर वायफायच नाहीसं झालं

बाहेरून घातलेला ड्रायव्हर, म्हणजे 'डब्ल्यूएल' किंवा रिअलटेकचा हाताने बांधलेला, प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावा लागतो. डीकेएमएस नावाचं साधन ते आपोआप करतं, पण त्यासाठी लागणारं कर्नलच्या हेडर्सचं पॅकेज नसेल तर त्याचा नाइलाज होतो. 'डीकेएमएस स्टेटस' मध्ये चालू कर्नलचा क्रमांक दिसत नसेल तर हेच झालं आहे. चालू कर्नलचा क्रमांक 'यूनेम -आर' सांगतं.

सिक्युअर बूट, म्हणजे सही असलेलाच कोड चालू देणारी सोय, चालू असेल तर आणखी एक अडथळा असतो. ड्रायव्हरचं मॉड्यूल बांधलं जातं, पण सहीची किल्ली नोंदवलेली नसल्यामुळे कर्नल ते नाकारतो. 'सुडो मॉडप्रोब डब्ल्यूएल' दिल्यावर 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' असं उत्तर आलं की समजावं. ड्रायव्हर घालताना संगणक एक तात्पुरता पासवर्ड ठेवायला सांगतो, आणि पुढच्या वेळी सुरू होताना निळ्या पडद्यावर तो विचारतो. बरेच जण त्या निळ्या पडद्याला घाबरून पुढे जातात आणि मग वायफाय चालत नाही. तिथे थांबून 'एनरोल एमओके' निवडा आणि तो पासवर्ड द्या.

नेट नाही आणि ड्रायव्हर तर नेटवरून घ्यायचा, अशा वेळी फोन केबलने जोडा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. अँड्रॉइड फोन असेल तर लिनक्सला तो तारेच्या नेटवर्कसारखा दिसतो, वेगळं काही बसवावं लागत नाही. डेबियन १२ पासून, म्हणजे जून २०२३ पासून, बसवतानाच कार्डाचं फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर, सोबत येतं. त्याआधीच्या डेबियनवर ते नंतर हाताने घ्यावं लागायचं.

नेटवर्क दिसतच नाही

'आरएफकिल लिस्ट' द्या. 'सॉफ्ट ब्लॉक्ड: येस' असेल तर 'आरएफकिल अनब्लॉक वायफाय'. 'हार्ड ब्लॉक्ड: येस' असेल तर लॅपटॉपच्या कडेचा खटका किंवा एफएन कळ बघा. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर देश निवडेपर्यंत वायफाय बंदच ठेवलेलं असतं, तेव्हा तिथे आधी 'रास्पी-कॉन्फिग' मधून देश भारत करा.

बाकी सगळी नेटवर्क दिसतात, आपलंच दिसत नाही, असं असेल तर चॅनेलकडे बघा. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झवर १ ते १३ चॅनेल चालतात, अमेरिकेत नेहमीच्या वापरात ११ पर्यंतच. नातेवाइकांनी तिकडून आणलेला लॅपटॉप अनेकदा अमेरिकेच्या नियमांवर बसवलेला असतो, आणि राऊटरने आपण होऊन १२ किंवा १३ निवडला की त्या लॅपटॉपला तो ऐकूच येत नाही. 'आयडब्ल्यू रेग गेट' कुठल्या देशाचे नियम लागू आहेत ते दाखवतं, 'सुडो आयडब्ल्यू रेग सेट आयएन' ते बदलतं; यातली आयएन ही दोन अक्षरं मात्र मोठी टाका. इंटेलची बरीच कार्डं हे नियम स्वतःच ठरवतात आणि ऐकत नाहीत. तिथे राऊटरवरच चॅनेल १, ६ किंवा ११ ठरवून टाकणं सोपं. जुनं कार्ड फक्त २.४ वर चालणारं असेल तर ५ गिगाहर्ट्झचं नाव त्याला कधीच दिसणार नाही, हेही तपासून घ्या.

जोडलं जातं, पण रोज सकाळी पुन्हा विचारतं

पासवर्ड बरोबर, जोडणी नीट, दिवसभर काही त्रास नाही, पण संगणक सुरू केला की पुन्हा चौकट. हा साठवणुकीचा प्रश्न आहे. ग्नोम या डेस्कटॉपवर वायफायचा पासवर्ड वापरकर्त्याच्या कीरिंगमध्ये, म्हणजे पासवर्डांच्या कुलूपबंद पेटीत, ठेवलेला असू शकतो, आणि ते कीरिंग लॉगिनच्या पासवर्डनेच उघडतं. लॉगिन आपोआप होत असेल तर पासवर्ड कुणी टाकतच नाही, कीरिंग बंद राहतं, आणि नेटवर्कमॅनेजर हात पसरतो. उपाय असा:

एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय 'नेटवर्कचं नाव' वायफाय-सेक.पीएसके-फ्लॅग्ज ०

मग एकदा पासवर्ड द्या. आता तो या संगणकाच्या सगळ्या वापरकर्त्यांसाठी, फक्त रूटला, म्हणजे मुख्य प्रशासक खात्याला, वाचता येईल अशा फाइलमध्ये राहतो. या फाइली ईटीसीखालच्या नेटवर्कमॅनेजरच्या सिस्टिम-कनेक्शन्स फोल्डरमध्ये असतात. जुन्या लॅपटॉपवरून त्या नव्यावर उचलून ठेवल्या तर दोन गोष्टी बघा: मालक रूट आणि परवानगी ६०० असायला हवी, नाहीतर नेटवर्कमॅनेजर फाइल वाचायलाच नकार देतो, आणि आत जुन्या कार्डाचं नाव किंवा मॅक पत्ता, म्हणजे कार्डाचा ओळखक्रमांक, लिहिलेला नको. जुन्यावर 'डब्ल्यूलॅन०' होतं आणि नव्यावर 'डब्ल्यूएलपी२एस०' असेल, तर ती नोंद नुसती पडून राहते.

थोड्या थोड्या वेळाने तुटतं

घड्याळ लावून बघा. बरोबर तासातासाने तुटत असेल तर सामूहिक किल्ली बदलताना ड्रायव्हर अडखळतोय; अनेक राऊटर ही किल्ली ३६०० सेकंदांनी बदलतात. लॉगमध्ये 'ग्रुप रीकीइंग' शोधा. कर्नल आणि फर्मवेअर अद्ययावत करणं हा खरा उपाय. तोवर राऊटरवर तो अवधी वाढवता येतो.

संगणक नुसता उघडा असताना, काही चालू नसताना तुटत असेल तर वीजबचत बंद करून बघा: त्याच कनेक्शनवर 'वायफाय.पॉवरसेव्ह २' असं मॉडिफाय करा. झोपवलेला लॅपटॉप उठवल्यावरच त्रास होत असेल तर ड्रायव्हरचं मॉड्यूल काढून पुन्हा घाला. राऊटरने २.४ आणि ५ गिगाहर्ट्झला एकच नाव दिलं असेल आणि लॅपटॉप दोन्हींच्या मधे बसून इकडून तिकडे उड्या मारत असेल, तर 'वायफाय.बँड' ला 'ए' देऊन ५ वर किंवा 'बीजी' देऊन २.४ वर बांधून टाका.

एकाच कार्डावर दोन सेवा हक्क सांगत नाहीत ना, हे बघणं फार गरजेचं. इंटेलने बनवलेली आयडब्ल्यूडी ही सेवा चांगली आहे, पण ती आणि डब्ल्यूपीए-सप्लिकंट एकत्र चालू ठेवायच्या नाहीत. रास्पबेरी पायवर ऑक्टोबर २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीपासून नेटवर्कमॅनेजर आला आहे. त्याआधीच्या सूचना वाचून डब्ल्यूपीए-सप्लिकंटची फाइल भरत बसलात तर काहीच होणार नाही, आणि जुनी सेवा हाताने चालू केलीत तर दोघी एकमेकींची जोडणी तोडत राहतील.

कॉलेज आणि ऑफिसचं वायफाय

इथे नेटवर्कच्या पासवर्डऐवजी प्रत्येकाचं स्वतःचं नाव आणि पासवर्ड असतो. अनेक संस्थांत एड्युरोम हे शिक्षणसंस्थांचं सामाईक वायफाय चालतं आणि भारतात त्याचं काम अर्नेट इंडिया बघते. लिनक्ससाठी एड्युरोमच्या कॅट या सेवेवरून तुमच्या संस्थेची पायथन स्क्रिप्ट मिळते. ती असेल तर हाताने काहीही भरू नका, तीच चालवा.

हाताने भरावंच लागलं तर बहुतेक ठिकाणी पीईएपी ही ओळख पटवण्याची पद्धत आणि तिच्या आत एमएसचॅपव्ही२ असतं. सीए सर्टिफिकेट म्हणजे समोरचं नेटवर्क खरंच संस्थेचं आहे याची खात्री करून देणारं प्रमाणपत्र. 'सीए सर्टिफिकेट लागत नाही' या चौकोनात टिचकी मारली की जोडणी पटकन होते, म्हणून सगळे एकमेकांना तेच सांगतात. तसं केलं की त्याच नावाचं खोटं नेटवर्क कुणीही उभं करू शकतो आणि तुमचा संगणक खुशाल त्याच्याशी ओळख द्यायला बसतो. तोच पासवर्ड संस्थेच्या मेलला आणि निकालाच्या पानालाही असतो. संस्थेच्या संगणक विभागाकडून सर्टिफिकेट मागून घ्या, तुमचा तो हक्क आहे.

सर्टिफिकेट घालूनही जमत नसेल तर आधी संगणकाची तारीख बघा. मदरबोर्डवरची बटण बॅटरी संपली की घड्याळ मागे जातं, सर्टिफिकेट 'अजून लागू झालेलं नाही' असं ठरतं आणि जोडणी तुटते. वेळ नेटवरून दुरुस्त व्हायची तर नेट हवं, आणि नेट हवं तर वेळ बरोबर हवी. तारीख हाताने लावा, मग जोडा.

उबुंटू २२.०४ पासून सुरक्षित जोडण्या सांभाळणारं ओपनएसएसएल ३ आलं आणि त्याने टीएलएस या सुरक्षित जोडणीच्या पद्धतीतली एक जुनी, असुरक्षित सवय बंद केली. जुने सर्व्हर असलेल्या संस्थांत त्यामुळे लिनक्सवाल्यांचं वायफाय एका रात्रीत थांबलं. लॉगमध्ये 'अनसेफ लेगसी रिनिगोशिएशन डिसेबल्ड' दिसलं तर चूक तुमच्या संगणकाची नाही. ओपनएसएसएलच्या सेटिंगमध्ये ती सवय पुन्हा चालू करता येते, पण ती संगणकावरच्या इतर जोडण्यांनाही लागू होते. ही ओळ संगणक विभागाला पाठवा आणि सर्व्हर सुधारायला सांगा. दोन-चार जणांनी लेखी सांगितलं की काम हलतं.

तरीही अडलं तर

मदत मागताना 'वायफाय चालत नाही' एवढंच लिहिलंत तर सांगणाऱ्यालाही अंदाजच बांधावा लागतो. लिनक्सचं नाव आणि आवृत्ती, 'यूनेम -आर' चं उत्तर, 'एलएसपीसीआय -एनएनके' मधल्या वायफायच्या ओळी, राऊटरवरची सुरक्षेची पद्धत आणि जोडणीच्या प्रयत्नातल्या लॉगच्या साधारण पन्नास ओळी द्या. लाइव्ह यूएसबीवरून, म्हणजे लिनक्स न बसवता पेनड्राइव्हवरून चालवून, तेच वायफाय लागतं का, हेही लिहा: तिथे लागत असेल तर दोष तुमच्या बसवलेल्या सिस्टिमच्या सेटिंगमध्ये आहे, तिथेही लागत नसेल तर कार्ड, ड्रायव्हर किंवा राऊटरकडे बघावं लागेल. पाठवण्याआधी लॉगमधले मॅक पत्ते झाका, आणि कनेक्शनची फाइल जोडत असाल तर 'पीएसके' ने सुरू होणारी ओळ काढून टाका. डब्ल्यूपीए_पासफ्रेजने बनवलेल्या फाइलमध्ये खरा पासवर्ड टिप्पणीच्या ओळीत तसाच्या तसा लिहिलेला असतो. ती ओळही पुसा.